हॉकीचे नंबर आणि नवमीची सवाष्ण

बर्फावरच्या हॉकीतलं मला आजही काडीचं कळत नाही. आमच्या वेळची हॉकी मैदानावर व्हायची, चेंडू दिसायचा आणि खेळणारे माणसासारखे दिसायचे. या हॉकीत गाद्या-उशा बांधलेले बाप्ये एका काळ्या चकतीच्या मागं घसरत जातात आणि मध्येच खेळ टाकून एकमेकांना बुकलतात. पंच उभा राहून बघतो. मारून झालं की दोघांना कडेच्या खोक्यात नेऊन बसवतात, शाळेत आम्हाला वर्गाबाहेर काढायचे तसं. तरीसुद्धा एका वर्षी जर्मनीतल्या बॉबलिंगेनमध्ये या हॉकीच्या बाजारात सगळ्यात श्रीमंत माणूस मी होतो. आणि ती सगळी श्रीमंती मी तीन बायकांना दुपारच्या जेवणाला बोलावण्यात घालवली.

कऱ्हाडच्या बाजूला माझी पिठाची गिरणी होती. शिक्षण सातवी, आणि सातवीचा निकाल बघायला मी गेलो नाही. जन्म गिरणीत गेला म्हणून आवाज मोठा. पट्टा फिरत असताना हळू बोलून चालत नाही आणि पट्टा थांबल्यावर आवाज कसा उतरवायचा हे कुणी शिकवलं नाही. आमची ही म्हणायची, "अहो, मी समोर बसलेय. नदीपलीकडं नाही."

ही चैत्रात गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली. निघताना तिच्या चपला सापडेनात म्हणून माझ्या घालून गेली. परत आल्या त्या चपला.

मुलगा बॉबलिंगेनला मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. दिवसकार्य झाल्यावर म्हणाला, "आप्पा, आता इथं एकट्यानं राहायचं नाही." मी गिरणीला कुलूप घातलं आणि विमानात बसलो. इथं तिसऱ्या मजल्यावर घर. दुपारी रुहेत्साइट असते, म्हणजे त्या वेळात आवाज करायचा नाही. रविवारी तर दिवसभर. भिंतीत खिळा ठोकायचा तरी वार बघावा लागतो. सूनबाई चांगली आहे, नोकरी करते, दमून येते. नात जर्मनमध्ये उत्तर देते, मी मराठीत ओरडतो, आमचं झकास जमतं.

भाद्रपद आला तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. पितृपंधरवड्यातली नवमी ही नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईची. अविधवा नवमी. त्या दिवशी तिच्या नावानं एक सवाष्ण पाटावर बसवून पोटभर जेवू घालायची. ती जेवली की गेलेली जेवली. मला स्वतःला देवाधर्माचं फारसं नाही, पण हिला होतं. आणि जेवणाच्या बाबतीत ही कुणाला ऐकायची नाही. गावात कुणाच्याही घरी नवमी असली की पहिलं बोलावणं हिला, कारण ही लाजत नसे. बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून "पुरे, पुरे" करायच्या. ही म्हणायची, "जेवायला बोलावलंय ना? मग वाढा." घरी येऊन त्या घरच्या पुरणाला नावं ठेवायची ते वेगळं. जन्मभर दुसऱ्यांच्या गेलेल्या बायकांसाठी जेवली. आता तिची पहिली नवमी, आणि तिच्यासाठी जेवायला कुणी मिळालं नाही तर? हे एकच डोक्यात घोळत राहिलं.

मुलाला सांगितलं. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. "आप्पा, नवमी बुधवारी आहे. वर्किंग डे. इथं दुपारी जेवायला कोण मोकळं असणार? शनिवारी करू."

"शनिवारी द्वादशी."

"इथं सगळं टर्मिन घेऊन, वेळ ठरवूनच होतं हो. डॉक्टरकडे, केस कापायला, सगळीकडे."

"मग तुझ्या आईला सांग, टर्मिन घेऊन ये म्हणावं."

  पण प्रश्न होताच. घरची सून चालत नाही, ती वाढणारी. आमच्या ओळखीत लग्न झालेल्या मराठी बायका तीनच. एक पुण्याची, तिचा नवरा मुलाच्याच ऑफिसात. ती सकाळी जर्मन शिकायच्या कोर्सला जायची. दुसरी नागपूरची, दातांची डॉक्टर, नवरा नेकारसुल्मच्या कारखान्यात. ती तिथंच एका दवाखान्यात दातांचंच काम शिकाऊ म्हणून पुन्हा करत होती, कारण नागपूरचे दात इथं धरत नाहीत म्हणे. तिसरी लातूरची, नवरा विद्यापीठात पीएच.डी. करणारा. ती नुकतीच लग्न होऊन आली होती, तिला कुणी नीट बघितलंही नव्हतं. बुधवारच्या दुपारी यातली एकही मोकळी नव्हती.

आता हॉकी.

माझा मुलगा इथं यायच्या आधी कॅनडात होता. तिथून तो थंडीचं जाकीट आणि हॉकीचं वेड घेऊन आला. इथल्या मराठी पोरांना त्यानं ते लावलं. आठ जण, त्या तिघींचे नवरे त्यातलेच, प्रत्येकाची कॉम्प्युटरवर एक टीम. खेळाडू खरे, अमेरिकेत खेळणारे. त्यांनी तिकडं गोल मारला की इकडं यांना मार्क. म्हणजे धावायचं त्यांनी, दमायचं त्यांनी, दात पाडून घ्यायचे त्यांनी, आणि बॉबलिंगेनमध्ये सोफ्यावर बसून ओरडायचं यांनी. इंजिनिअर लोकांना असलं जमतं.

दरवर्षी हंगामाच्या आधी एका शनिवारी सगळे जमून नवी पोरं निवडायची. एकेकानं आपल्या नंबरवर एक पोरगं उचलायचं, असं फेरीमागून फेरी. आणि हे नंबर एकमेकांना देता-घेता यायचे. तुझा तयार खेळाडू मला दे, माझा पहिल्या फेरीचा नंबर तू घे. त्या वर्षी आठवा गडी बदली होऊन ड्युसेलडॉर्फला गेला. त्यानं जायच्या आधी आपले सगळे म्हातारे खेळाडू विकून नंबरच नंबर गोळा करून ठेवले होते, आणि मग खेळच सोडला. टीम बेवारस झाली.

"आप्पा, तुम्ही बसा त्याच्या जागी," मुलगा म्हणाला. "नुसतं नावाला. आठ नसले की सगळं गणित बिघडतं." मला माहीत होतं, गणिताचं नुसतं निमित्त होतं. मी दिवसभर खिडकीत बसतो हे त्याला बघवत नव्हतं.

मी विचारलं, "या माणसानं एवढे नंबर कशाला जमवले?"

"आल्झो, म्हणजे असं बघा. ही सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. यातली बहुतेक पुढं काही होत नाहीत. कुणाचा गुडघा जातो, कुणी सुटतो, कुणाच्या डोक्यात हवा जाते. कुठलं पोरगं तयार होणार हे आज कुणालाच सांगता येत नाही. तिकडं पगार घेऊन हेच काम करणाऱ्यांनाही नाही. म्हणून एकावर जीव टाकायचा नाही. जास्तीचे नंबर मिळवायचे, जास्त पोरं उचलायची. निम्मी गळाली तरी हाताशी कुणीतरी उरतं."

"तयार व्हायला किती दिवस लागतात?"

"तीन-चार वर्षं."

"मग मी असेन का?"

"आप्पा!"

"बरं, बरं. पण यात नवं काय आहे? हे तर तुझी आई करायची."

"आई?"

"घरी सवाष्ण जेवायला घालायची असली की ही तिघींना सांगून ठेवायची. एकीकडे पाहुणे येतात, एकीची अडचण निघते, एक ऐन वेळी रुसते. तिघींना सांगितलं की एक तरी पाटावर बसते."

"गेनाऊ! बरोब्बर!" मुलगा मांडीवर थाप मारून म्हणाला. "यालाच डेप्थ म्हणतात." आणि तो चिवडा आणायला आत गेला. मी मात्र तिथंच बसून राहिलो, कारण माझ्या डोक्यात गिरणीचा पट्टा चढला होता.

शनिवारी सगळे आमच्या हॉलमध्ये जमले. आठ माणसं, सात लॅपटॉप. माझ्यापुढं चहा. पहिल्या फेरीतला तिसरा नंबर माझा होता आणि पुण्याच्या गड्याचा पाचवा. त्याचा एका रशियन पोरावर डोळा होता. मध्ये मी बसलो होतो.

"काका, तुमचा तिसरा नंबर मला द्या. मी माझा गोलकीपर देतो. फर्स्ट क्लास आहे."

"गोलकीपर नको. बायको दे."

हॉलमध्ये एकदम रुहेत्साइट झाली. मुलगा म्हणाला, "आप्पा!!"

"जेवायला रे. बुधवारी नवमी आहे, सवाष्ण पाहिजे. साडेबाराला."

"अहो काका, तिचा कोर्स असतो. गैरहजर राहिलं की तिथली बाई फार बोलते."

"बरोबर आहे. मग मीच घेतो तो रशियन. काय नाव म्हणालास?"

त्यानं लॅपटॉपकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "येईल काका," तो म्हणाला. "साडेबारा म्हणजे पंक्च्युअल ना?"

नागपूरचा हे बघतच होता. त्याला मी दुसऱ्या फेरीचा नंबर दिला. तो म्हणाला, "काका, ती डॉक्टर आहे हो, तिची सुट्टी महाग असते." म्हणून त्यात दुसऱ्या फेरीचा आणखी एक घातला. मग लातूरचा. तो गरीब माणूस. म्हणाला, "काका, नंबर कशाला? नुसतं सांगा, येईल ती." पण फुकट नको म्हणून मी चौथ्या फेरीचा त्याच्या गळ्यात घातला. चांगले सगळे संपले होते.

मुलगा डोक्याला हात लावून बसला. "आप्पा, दोन-तीन वर्षांत तुमची टीम नंबर एक झाली असती. तुम्ही फ्युचर विकलंत."

"विकलं नाही. जेवायला बोलावलं."

उरलेल्या नंबरांवर मी पोरं उचलली. कॉम्प्युटरवर त्यांचे फोटो होते. मला एकच कळत होतं, ज्याचे दात शाबूत ते पोरगं घ्यायचं, घरंदाज असणार. हसतोय, पुढचे दात जागेवर आहेत, घेतला. मुलगा शेवटी म्हणाला, "आप्पा, यांचे दात शाबूत आहेत, कारण यांना अजून कुणी खेळायलाच घेतलेलं नाही." त्या वर्षी माझी टीम आठवी आली. आठातली आठवी. पण सगळे हसतमुख.

इथवर सगळं माझ्या मनासारखं झालं होतं. पण पुण्याच्या गड्याला घरी जाऊन फुशारकी मारायची हौस. बायकोला म्हणाला, "अगं, तुझ्यामुळं मला रशियन मिळाला." तिनं खोदून विचारलं. मग तिनं नागपूरच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. आणि रविवारी सूनबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आप्पा, तुम्ही बायकांचा लिलाव केलात?"

"लिलाव कुठला? लिलावात भाव चढतो. इथं नवरे पहिल्याच बोलीला तयार."

"आईंना हे आवडलं असतं?"

"तिनं आधी विचारलं असतं, मी असते तर किती नंबर मागितले असते."

सूनबाईला हसू आलं होतं, पण ते तिनं दाखवलं नाही. "त्या दोघी आता येतील असं मला वाटत नाही," एवढं म्हणून आत गेली. 

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन. सूनबाईनं रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि मजा बघायला तिथंच थांबली.

"काका, मी दुसऱ्या फेरीत गेले म्हणे."

"दोन नंबर दिले ग तुझे. दोन."

"दुसऱ्या फेरीचे! आणि तिच्यासाठी पहिल्या फेरीचा? मी बीडीएस आहे काका."

"तुझा नवरा दोनात तयार झाला, त्याला मी काय करू? घासाघीस केली असती तर वाढवला असता."

 मग हळूच म्हणाल्या, "दोनात का? बरं. बघते मी त्याच्याकडं." आणि फोन ठेवला. सूनबाई म्हणाली, "शाब्बास आप्पा. आता त्या घरात पण श्राद्ध."

मंगळवारी मला झोप नव्हती की भूक नव्हती. सूनबाईनं मात्र बुधवारची रजा टाकली होती आणि न बोलता डाळ भिजत घातली होती. तेवढ्यावर मी थोडा तगलो.

बुधवारी पहाटेपासून स्वयंपाक. खीर, वडे, पुरणपोळी, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. इथल्या पिठाच्या पुड्यावर आकडे असतात, मोटारीच्या नंबरासारखे. पीठ पांढरंफेक, त्याला कशाचा वास नाही. मी म्हणालो, "हे पीठ आहे की टाल्कम पावडर?" सूनबाई म्हणाली, "आप्पा, हॉलमध्ये जा." गेलो. मुलानं पाट मांडला, रांगोळी काढली. पाट कुठला, फर्निचरच्या दुकानातलं बुटकं स्टूल. बाल्कनीत घास ठेवला तर कावळा घड्याळ लावल्यासारखा आला आणि खाऊन गेला. जर्मन कावळा. त्याला मनधरणी लागत नाही. अडचण माणसांची होती.

साडेबारा वाजले. कुणी नाही. सूनबाईच्या मोबाइलवर निरोप आला. डॉक्टरीणबाईंचं डोकं दुखतंय. दुसरी फेरी गेली.

मग बेल वाजली. पुण्याची आली. कोर्समधून लवकर उठून आली होती, तेवढं खरं. पण चेहरा असा की बसमधल्या तपासनिसाला तिकीट दाखवायला आलीय. पाटावर बसली. सूनबाईनं पाय धुतले, कुंकू लावलं, पान वाढलं. मी कोपऱ्यात उभा. तिनं पुरणपोळीचा कोपरा मोडला, नखाएवढा. तोंडात टाकला. मग वड्याला नुसतं बोट लावलं.

"काका, राग नका मानू. मी गोड आणि तळलेलं बंद केलंय. नावाला घेते."

नावाला! आमच्या हिच्या नावानं नखाएवढा तुकडा. ही असती तर तिनं या बाईच्या पुढ्यातलं पान ओढून घेतलं असतं. माझ्या तोंडावर आलं होतं, पण मुलानं माझा दंड धरला. पहिल्या फेरीचा नंबर, रशियन पोरगं, आणि खाणं चिमणीचं. मला वाटलं, झालं. यंदा हिचं पान रिकामंच.

एक वाजून गेल्यावर बेल. दारात लातूरची. केस विस्कटलेले, साडीवर जाकीट, पायात बूट. धापा टाकत होती. "काका, चुकले. एसबानची गाडी उलटीच पकडली. पार शेवटच्या स्टेशनावर गेले, मग परत आले. जेवण संपलं का?"

संपलं का म्हणे! सूनबाईनं तिला दुसऱ्या स्टुलावर बसवलं. पोरीनं जाकीट काढून टाकलं, पदर खोचला आणि पानाकडं असं बघितलं की माझ्या अंगावर काटा आला.

"ह्यांनी सांगितलं, मी चौथ्या फेरीत आहे. म्हणजे काय असतं हो काका?"

"काही नसतं. जेव."

ती जेवली. पहिली पोळी दोन घड्या करून तुपात बुडवून. वडा खिरीत. मग आमसुलाची चटणी चाटून परत पोळी. मान वर नाही, बोलणं नाही. सूनबाई वाढतेय, ती संपवतेय. दुसऱ्या पोळीच्या मध्यावर थांबली आणि म्हणाली, "वहिनी, पुरण छान आहे, पण जायफळ कमी पडलंय. आणि पोळी जाड झालीय कडेला."

सूनबाईचा हात तसाच राहिला. मुलगा माझ्याकडं बघायला लागला. दुसऱ्याच्या घरी पाटावर बसून, भरल्या तोंडानं असं बोलणारी बाई मी एकच बघितली होती.  शेवटी मी ओरडलोच, "वाढ ग तिला! बघत काय बसलीस!"

तिसऱ्या पोळीला पोरीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. खाणं थांबलं नाही. खाता खाता रडत होती. "आल्यापासून ब्रेडच खातोय हो आम्ही," म्हणाली. "मला करता येत नाही आणि ह्यांना लॅबमधून वेळ नाही. आईकडनं निघताना शेवटचं पुरण खाल्लं होतं." पुण्याच्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग काय झालं कुणास ठाऊक, तिनं स्वतःच्या पानातली ती नख लावलेली पोळी उचलली आणि अर्धी एका घासात खाल्ली. म्हणाली, "खरंच जाड आहे ग कडेला." आणि दुसरी मागितली.

मग तिनं डाव्या हातानं फोन लावला. "ऐक, डोकंबिकं राहू दे. इथं चौथ्या फेरीची तिसरी पोळी खातेय आणि पुरण संपायला आलंय. तू येतेस की नाही?"

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. पण दोनच्या पुढं डॉक्टरीणबाई दारात उभ्या. नेकारसुल्महून गाडी हाणत आल्या होत्या. डोकं मुळीच दुखत नव्हतं. म्हणाल्या, "काका, मी तुमच्यासाठी आले नाही. काकूंसाठी आले. आणि दुसऱ्या फेरीची बाई चौथ्या फेरीच्या मागं राहिली, असं कुणी बोलायला नको."

तिघी स्टुलांवर ओळीनं बसल्या. मग नवऱ्यांना नावं ठेवणं, एकमेकींच्या पानात वाढणं, हसणं. लातूरचीनं विचारलं, "काका, काकू कशा होत्या?"

मी म्हणालो, "खादाड." सगळ्या हसल्या. "आणि खरं बोलायची. आज असती तर म्हणाली असती, खीर पातळ झालीय."

"झालीच आहे," लातूरची म्हणाली, आणि वाटी पुढं केली.

त्यांच्या ओट्या भरून त्या गेल्या तेव्हा चार वाजत आले होते. सूनबाई स्वयंपाकघरात पातेली बघत होती. पुरणाचं भांडं खरवडलेलं, वडे नाहीत, खीर नाही. आम्हा घरच्यांना उरली होती गवारीची भाजी आणि गार भात.

"आप्पा, तुम्हाला काहीच राहिलं नाही. दोन मिनिटांत काहीतरी करते," ती म्हणाली.

"काही करू नकोस," मी म्हणालो. "आहे ते वाढ."

आणि त्या गवारीशी मी भात कालवला आणि पोटभर जेवलो.